बॉल पायथन कातीवर आलीय, पण ओला डबा चार दिवसांत कुबट वास मारतो. काय चुकतंय?

कृष्णाकाठ_विश्रामबाग, १४ एप्रिल

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागेत राहतो. माझ्याकडे बॉल पायथनची, म्हणजे आफ्रिकेतल्या छोट्या अजगराची, मादी आहे, नाव जिलबी. वय अडीच वर्षं, गेल्या रविवारी वजन केलं तेव्हा १,१४० ग्रॅम भरली. परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद झालेली आहे, कागद जपून ठेवलेत, तो प्रश्न नाही.

प्रश्न कातीचा आहे. फेब्रुवारीत तिने कात टाकली ती तुकड्यातुकड्यांनी. पाठीवरची कशीबशी निघाली, शेपटीच्या टोकाला मात्र अंगठीसारखं एक कडं राहिलं ते अजून तसंच आहे. ते बघून मला फार वाईट वाटलं, कारण चूक माझी होती. म्हणून या वेळी आधीच तयारी केली. ५ लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घेतला, बाजूला भोक पाडलं, आत स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) भरलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ स्प्रेने भिजवत राहिलो. परवापासून तिचे डोळे निळसर दुधाळ झालेत, पोट गुलाबी दिसतंय, ती त्या डब्यातून बाहेरच येत नाही. इथवर ठीक. पण चौथ्या दिवशी डब्यातून कुबट वास यायला लागला, बंद पडलेल्या विहिरीसारखा, आणि आज एका कोपऱ्यात पांढरा कापूस दिसतोय.

टाकी काचेची, वर जाळीचं झाकण. खोली गच्चीच्या खाली, दुपारी भट्टी होते, म्हणून पंखा दिवसरात्र चालू. उजेड न देता नुसती ऊब देणारा सिरॅमिक बल्ब थर्मोस्टॅटवर, गरम बाजू ३२ अंश. हवेतली ओल मोजायला काट्याचा हायग्रोमीटर लावलाय, तो कायम ७० टक्के दाखवतो. मॉस बदलू की राहू दे? कातीच्या मधे तिला हलवायचं नाही असं वाचलंय. आणि ओल कमी केली तर पुन्हा कात अडकेल ही भीती आहेच.

तासगावचा_बेदाणा

माझ्याकडे कॉर्न स्नेक आहे, त्याला एवढी ओल लागत नाही, ४०-५० टक्क्यांत आरामात कात टाकतो. कातीच्या आठवड्यात फक्त कोकोपीटचा छोटा डबा ठेवतो. वासासाठी एक उपाय सुचवतो, मॉसमध्ये चिमूटभर हळद टाकून बघा. आपल्याकडे जखमेवर हळदच लावतात की.

गोडोलीची_ताई (सातारा)

दादा, आधी तो डबा बाहेर काढा. हे सगळं वाचून झाल्यावर नाही, आत्ता. जिलबीला डब्यातून दोन्ही हातांनी खालून उचला, हळू, तिला नीट दिसत नाहीये हे लक्षात ठेवून. सुती कापड घातलेल्या दुसऱ्या डब्यात ठेवा आणि मग पुढचं वाचा. कातीत असताना हाताळू नये हे खरं, पण बुरशीत ठेवण्यापेक्षा एकदा उचललेलं शंभर पटीने बरं.

मी साताऱ्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकवीस वर्षं काम करतेय. बुरशी रोज बघते. कापूस डोळ्यांना दिसतो तेव्हा ती त्या कोपऱ्यातच असते असं नाही, दिसत नसलेले धागे मॉसभर आधीच पसरलेले असतात. म्हणून तो कोपरा चिमटीत धरून काढून टाकला आणि उरलेलं राहू दिलं, असं करू नका. सगळं मॉस फेकायचं. बुरशीला ऊब, ओल, अंधार आणि खायला थोडंसं काही, एवढं पुरतं. ऊब बल्बची, ओल स्प्रेची, अंधार मॉसच्या आत, आणि खायला बहुतेक तिची लघवी. मॉस उपसताना चुन्यासारखे पांढरे खडे सापडतात का बघा. कातीतला साप डब्यातून हलत नाही, मग जिथे आहे तिथेच सगळं करतो.

आता मुख्य गोष्ट. ही मी माझ्या बॉल पायथनकडून, शेवंतीकडून, फार महागात शिकले. ओल तिच्या अंगाला नको असते, हवेला हवी असते.

माझी शेवंती सात वर्षांची आहे. पहिल्या उन्हाळ्यात मीही तुमच्यासारखीच घाबरले होते. मॉस भिजवून भिजवून ठेवलं, तीन आठवडे सलग, वाटलं जितकं ओलं तितकं चांगलं. एका रविवारी तिला वजनाला घेतली तेव्हा पोटाच्या मधल्या भागात आठ खवले तपकिरी दिसले, कडा लालसर, आणि त्यातल्या दोन खवल्यांखाली पाणी भरलेलं. बोट ठेवल्यावर तिने अंग आखडून घेतलं. ते आखडणं मला अजून आठवतं. सापाचा डॉक्टर साताऱ्यात मिळाला नाही, पुण्याला नेली, डबा मांडीवर घेऊन. ओलीने होणारा खवल्यांचा संसर्ग. औषध लागलं, मलम लागलं, कोरड्या कागदावर ठेवावी लागली, आणि ते डाग पूर्ण जायला दोन काती गेल्या. म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर जेवायचं बाजूला ठेवून लिहायला बसले.

ओल लागते कशाला ते समजून घ्या, म्हणजे किती द्यायची ते आपोआप कळेल. जुन्या कातडीखाली नवी तयार झाली की दोन्हींच्या मधे पातळ द्रव सुटतो. डोळे दुधाळ दिसतात ते त्यामुळेच, कारण सापाच्या डोळ्यावर पापणी नसते, पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबरच निघतो. चार ते सात दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. नवे लोक इथे फसतात, वाटतं कात टळली. टळलेली नसते. त्यानंतर तीन-चार दिवसांत कात पडते, आणि ओल सगळ्यात जास्त लागते ती याच दिवसांत. हवा कोरडी असेल तर जुनी कातडी वाळून नवीला चिकटून बसते. तुमची फेब्रुवारीची कात तशीच फाटली असणार.

हे जनावर मूळचं पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं. दिवसा उंदरांच्या बिळात, वाळवीच्या जुन्या वारुळात पडून राहतं. बिळात चिखल नसतो. हवा मात्र कोंदट, दमट आणि स्थिर असते. आपला डबा म्हणजे ते बीळ. आत गेल्यावर तोंडावर दमट हवा यावी, पण पोट कोरड्याच्या जवळपास राहावं.

आता कृती. डबा भांड्याच्या साबणाने घासा. मग एक वाटी ब्लीचला दहा वाट्या पाणी, त्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, नळाखाली वास जाईपर्यंत धुवा आणि उन्हात कडकडीत वाळवा. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळायचं नाही. फिनाईल तर डब्याला नाहीच, टाकीच्या आसपासच्या फरशीलाही नको. फिनॉलवाली, उग्र वासाची जंतुनाशकं सरपटणाऱ्या जनावरांना विषारी असतात आणि आपल्या घरात तीच सगळ्यात आधी हाताला लागतात. फरशी पुसणाऱ्या बाईंनाही हे सांगून ठेवा. मी आमच्याकडे त्या खोलीची बादलीच वेगळी केलीय.

नवं मॉस उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवा. बोअरचं पाणी वापरू नका, क्षारांचे पांढरे थर बसतात आणि मग बुरशी कुठली, क्षार कुठले ते कळेनासं होतं. मग पिळा. दोन्ही हातांनी, धुणं पिळतो तसं, थेंब पडायचा बंद होईपर्यंत. किती ओलं ठेवायचं याची माझी खूण साबुदाण्याची आहे. खिचडीचा साबुदाणा नीट भिजला की दाणा मऊ असतो, मोकळा असतो आणि पातेल्याच्या तळाला पाणी नसतं. मॉस तसं हवं. मुठीत दाबून सोडलं की तळहात ओलसर वाटावा, पाणी दिसू नये. डब्यात दोन इंचांचा थर पुरे, गच्च भरू नका.

आणि स्प्रे बंद. रोज वरून फवारलं की वरचा थर चिंब होतो, तिचं पोट नेमकं त्यावर असतं, खाली काय चाललंय ते मात्र कळत नाही. त्याऐवजी ती बाहेर असेल तेव्हा एका कोपऱ्यात चमच्याने दोन-तीन चमचे पाणी सोडा, ते खालून पसरतं. सांगलीच्या एप्रिलात एक दिवसाआड लागेल. झाकणाच्या आतून बारीक दव दिसलं म्हणजे जमलं. थेंब ओघळत असतील तर जास्त झालंय, तासभर झाकण किंचित उघडं ठेवा. रोज एकदा नाक लावून वास घ्या. चांगल्या मॉसला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. कुबट वास कापसाच्या दोन दिवस आधी येतो, तुम्हालाही आधी वासच आला होता.

पारदर्शक डब्याला बाहेरून काळा कागद लावा, तिला अंधार हवा. भोकाच्या कडेवरून बोट फिरवून बघा, बोटाला लागली तर तिला लागणारच. बारीक पॉलिशपेपरने घासा. डबा गरम बाजूकडे सरकवा पण बल्बच्या थेट खाली नको.

हळदीबद्दल: बेदाणा दादा, राग मानू नका, पण हे कृपया कोणी करू नका. माणसाच्या जखमेवरची हळद वेगळी. ओल्या मॉसमध्ये पडलेली हळदीची पूड हे बुरशीला आणखी एक खाणं आहे. दमट झालेल्या हळदीचं काय होतं हे सांगलीच्या माणसाला साताऱ्याहून सांगायला नको, हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, पुराचं पाणी शिरलं तेव्हा सगळ्यांनी बघितलंय. शिवाय सगळं पिवळं झालं की बुरशी दिसायचीही बंद.

शेवटचं, तुमचा हायग्रोमीटर. कायम ७० दाखवणारा काटा बिघडलेला आहे असं धरून चाला. डिजिटल घ्या आणि त्याचीही परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, हायग्रोमीटरसोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. मिठाच्या अशा लगद्यावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. सकाळी यंत्र ६९ दाखवत असेल तर ते ६ ने कमी सांगतंय.

शिराळ्याचा_सर्पमित्र

राम राम. पाळीव सापातलं मला काय कळत नाय, पण सोळा वर्षं झाली, लोकांच्या घरातले साप धरून रानात सोडतोय आणि कातीतला साप लय बघितलाय. उन्हाळ्यात फोन येतो तो बहुतेक मोरीच्या मागनं, माठाच्या बुडातनं नायतर रांजणाखालनं. का तर तिथं गारवा आणि ओल असती. बाया घाबरून म्हणत्यात साप आंधळा झालाय, अंगावर येतोय. त्याला दिसत नसतं म्हणून तो फुसकारतो, एवढंच. ताईंनी म्हटलंय ते मला पटतंय, माठाखालची जागा दमट असती, तिथं डबकं नसतं.

एक सांगतो. कात सोडायला साप पयल्यांदा नाकाचं टोक घासतो. धामण दगडाच्या सांदीत घासती, नाग जुन्या भिंतीच्या कपारीला. तुमच्या काचेच्या पेटीत सगळं गुळगुळीत असंल तर तिनं घासायचं कशाला? एखादा खरबरीत दगड ठेवा, नायतर बाभळीचं सोललेलं खोड, काटं काढून.

आणि हे वाचून कुणाला हौस आली तर आधीच सांगतो. धामण, नाग, दिवड, मांडूळ, आपला अजगर, यातलं कायबी घरात ठेवता येत नाय. १९७२ चा वन्यजीव कायदा हाय. आमच्या शिराळ्यात नागपंचमीला पिढ्यान्‌पिढ्या जिवंत नाग पूजायची रीत होती, कोर्टानं ती थांबवली. आमच्या घरातबी आता मातीचा नाग पुजतो.

बिळासारखी जागा करायची तर मातीचं मडकं आडवं ठेवून बघा की, प्लास्टिक कशाला?

गोडोलीची_ताई (सातारा)

दादा, दगडाचं अगदी बरोबर, ते मी लिहायचं विसरले. नदीतला गुळगुळीत गोटा नको, खडबडीत हवा, आणि उकळून घ्या.

मडकं मी दोन वर्षं वापरलंय. छान दिसतं, साप त्यात खूश असतो. पण दोन अडचणी आहेत. माती पाणी झिरपवते आणि पाणी उडताना मडकं गार पडतं, माठातलं पाणी गार होतं तसंच. कातीतल्या सापाला दमट आणि उबदार हवं, दमट आणि गार नको, नाहीतर छातीचा त्रास होतो. म्हणून ते गरम बाजूलाच ठेवावं लागतं. दुसरं, घाण मातीच्या छिद्रांत शिरते, ती वरून धुऊन निघत नाही. वापरायचंच असेल तर कुंभाराकडून दोन स्वस्तातली घ्या आणि घाण झालं की फेकून द्या.

कृष्णाकाठ_विश्रामबाग, १६ एप्रिल

ताई, सगळं केलं. मॉस उपसलं तर तळाशी खरंच तीन पांढरे खडे निघाले आणि खाली अर्धा इंच पाणी साठलेलं होतं. मला वरून काहीच कळत नव्हतं. पोट टॉर्च लावून एकेक खवला बघितलं, डाग नाहीत, दोन खवल्यांच्या कडा किंचित गुलाबी वाटतात. मिठाची परीक्षा घेतली, नवा डिजिटल ७३ दाखवतो, म्हणजे २ ने कमी. आणि तोच टाकीत ठेवला तर ३४! जुना काटा शेजारी बसून ७० सांगत होता. दोन मिळवले तरी ३६ टक्के. एवढे महिने ती एवढ्याच ओलीत राहत होती.

आता टाकीचं काय करू? आणि शेपटीचं ते जुनं कडं कोमट पाण्यात बसवून ओढून काढू का?

गोडोलीची_ताई (सातारा)

३४ चं कारण तुमच्या पहिल्याच निरोपात आहे: जाळीचं झाकण आणि वर पंखा. बल्ब हवा तापवतो, ती वर जाळीतून निघून जाते, पंखा ती ओढून नेतो. जाळीचा दोनतृतीयांश भाग ॲक्रिलिकच्या तुकड्याने झाका, बल्बच्या भोवती आणि गार बाजूला मोकळी जागा ठेवा. पाण्याचं भांडं रुंद तोंडाचं घ्या आणि मध्यावर आणा. टाकीत ६० आणि डब्यात ८०-८५ एवढं पुष्कळ झालं. पंखा बंद करून तुम्ही उकडून घ्या असं म्हणत नाही, फक्त त्याचा वारा टाकीवर येऊ देऊ नका.

कडं ओढू नका. आत्ता तर अजिबात नाही, खाली नवी कातडी ओली आणि कोवळी आहे, ओढलं तर तीही निघेल. ओल नीट असेल तर बऱ्याचदा जुनं कडं नव्या कातीबरोबर निघतं. नाहीच निघालं तर कात टाकल्यानंतर कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल डब्यात घालून तिला अर्धा तास त्यात फिरू द्या, पाणी ३० अंशांच्या आसपास. टॉवेलच्या घड्यांतून जाताना ते सुटतं. रोज पाण्यात बसवायची गरज नाही, पाण्यात कोंडलेला साप घाबरलेला असतो, मोकळा होत नाही. टोक काळं पडलेलं किंवा सुरकुतलेलं दिसलं तर मात्र वाट न बघता डॉक्टर. कड्याने रक्त थांबलं तर शेपटीचं टोक मरतं.

गुलाबी कडा रोज एकदा बघा. तपकिरी होत गेल्या किंवा फुगल्या तर मला फोटो पाठवण्यात वेळ घालवू नका.

कृष्णाकाठ_विश्रामबाग, २३ एप्रिल

ताई, पडली! अख्खी!

१९ ला डोळे स्वच्छ झाले. मला वाटलंच असतं की झालं, पण तुम्ही लिहून ठेवलं होतं म्हणून डब्याला हात लावला नाही, फक्त कोपऱ्यात चमचाभर पाणी सोडत राहिलो. आज पहाटे साडेचारला खरखर ऐकू आली. उठून मोबाईलचा उजेड अंगावर न पाडता बघितलं तर ती डब्याच्या तोंडाशी, नाक त्या खडबडीत दगडाला लावून पुन्हा पुन्हा डावीकडून घासतेय. ओठापाशी कातडी सुटली आणि मग पायमोजा उलटा काढावा तशी मागे मागे जात राहिली. पाऊण तास लागला. मी जमिनीवर पालथा पडून बघत होतो, हलायची हिंमत झाली नाही.

कात अजून ओली होती तेव्हाच हातात घेतली. मलमलीच्या भिजलेल्या कापडासारखी लागते. जिलबी साडेतीन फुटांची आहे आणि कात चार फुटांच्या वर भरली. खिडकीशी धरून डोक्याचा भाग बघितला, दोन्ही डोळ्यांच्या वाट्या आहेत, अगदी छोट्या, काचेच्या टिकलीसारख्या. शेपटीचं टोक बंद निघालंय आणि त्याच्या आत फेब्रुवारीचं जुनं कडं अडकलेलं आहे, तपकिरी, कडक. पोटाच्या गुलाबी कडाही कातीबरोबर गेल्या, खालचे खवले पांढरेशुभ्र आहेत.

आता डबा ठेवू का काढू? आणि पावसाळ्यात काय करायचं? जूनपासून इथे भिंतींनाच पाणी सुटतं.

गोडोलीची_ताई (सातारा)

वाचून डोळ्यांत पाणी आलं, दादा. डोळ्यांच्या वाट्या आणि शेपटीचं टोक, या दोनच गोष्टी कातीत बघायच्या असतात आणि तुम्ही त्या उजेडात धरून बघितल्यात. कात लांब भरली म्हणून चकित होऊ नका, निघताना खवल्यांमधली घडी उलगडते, ती नेहमीच सापापेक्षा लांब असते.

आजचं मॉस काढून टाका, त्यात कातीचा ओलावा आणि तिची पहिली विष्ठा असणार. दोन-तीन दिवसांनी उंदीर द्या, ती भुकेली असेल. उन्हाळा संपेपर्यंत डबा राहू दे, मॉस दर आठवड्याला बदला. घाण न झालेलं मॉस दहा मिनिटं उकळून, उन्हात वाळवून आणखी दोनदा वापरता येतं. म्हणून दोन जोड ठेवा, एक डब्यात आणि एक गच्चीत वाळत.

पावसाळ्यात उलटं करायचं. टाकी ७० च्या वर गेली की ॲक्रिलिक काढा आणि डब्यात मॉसऐवजी कोरडा कागद घाला. मॉस फक्त डोळे दुधाळ झाल्यावर, आणि तेव्हाही अर्ध्या ओलीचं. जुलैत माझ्याकडे बुरशी उन्हाळ्यापेक्षा लवकर येते, तिसऱ्या दिवशीच. वास घ्यायचं सोडू नका. पहिला पाऊस पडला की मिठाची परीक्षा पुन्हा घ्या आणि आकडा इथे लिहा.

शेवंतीचे डोळेही कालपासून दुधाळ झालेत. मॉस गॅसवर उकळतंय, ते उतरवायला जाते.